खिंडार बुजवू नये

मी, एनोक विल्यम टँडी, वय ब्याऐंशी, पूर्वी लॅडबरोच्या शाळेत इतिहासाचा मास्तर आणि रविवारी चॅपलमध्ये उपदेशक, राहणार पेरी कॉटेज, मौजे नेदर कॉम्बली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीराबद्दल बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. डॉक्टरीणबाई सफरचंदाला मोहर येईपर्यंतचे बोलतात आणि मग घाईने माझ्या मांजराची चौकशी करतात. बुद्धी मात्र जागेवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी लॅडबरो जिल्हा परिषदेच्या नियोजन समितीला विचारावे. गेल्या वर्षी त्यांनी मला सभागृहाबाहेर काढले, ते मला विषय कळत नव्हता म्हणून नव्हे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. पुतण्याने दाबून पाहिले, पण सुकलेल्या सफरचंदातून रस निघत नाही.

याआधीची माझी सगळी मृत्युपत्रे मी रद्द करतो. त्यांतली बहुतेक रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, पण हा राग मुरलेला आहे.

कलम १. घरामागची सफरचंदाची बाग मी कोणालाही देत नाही, कारण ती माझी नाही. वडिलांनी ती मला हयातीपुरती दिली: फळे खा, गवत काप, पण विकायची नाही, दान करायची नाही, नावावरून काढायची नाही. माझ्यामागे ती थोरल्या भावाच्या वंशाला. भाऊ गेला. वंश म्हणजे क्रिस्पिन. तो लंडनला जमिनींच्या खरेदी-विक्रीत आहे आणि त्याचे बूट कधी ओले झालेले मी पाहिलेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात तो बागेत आला, माझ्या खुर्चीत बसला आणि झाडांकडे पाहण्याऐवजी झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला.

"काका, इथून रस्ता काय सुंदर बसेल!"

"बसेल की. तुझा बापही इथेच बसायचा. तोही उठायला तयार नसायचा."

"तुम्ही थट्टा करता. पलीकडच्या वसाहतीचा दुसरा टप्पा अडलाय तो फक्त या बागेपायी. रस्ता नाही तर घरं नाहीत."

"मग घरं नाहीत."

"तुमच्या हयातीत नाहीत," तो म्हणाला आणि लगेच लाजला. त्या लाजण्यापुरता तो मला माझ्या घराण्यातला वाटला.

ही बाग वाचावी एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती इच्छा मृत्युपत्रात लिहायचा मला अधिकार नाही. जे माझे नाही ते मी कोणाला कसे देणार? तरी ती वाचू शकते. कशी, ते शेवटच्या कलमात येईल. तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा. शेवटचे भजन होण्याआधी मी कोणाला बाकावरून उठू दिलेले नाही.

कलम २. मला पुरायचे ते गावच्या चर्चच्या आवारात, मेरियलच्या शेजारी. आमचे चॅपल असते तर तिथून निघालो असतो. त्याचे आता सुट्टीत भाड्याने द्यायचे घर झाले आहे. जिथे उभा राहून मी लोभाविरुद्ध बोललो, तिथे दारूच्या बाटल्यांचे कपाट आहे. इमारतीचा 'मूळ बाज राखल्याबद्दल' त्या मालकाला जिल्ह्याचे पारितोषिक मिळाले. बाज राहिला हे खरे आहे. पेंढा भरलेल्या वाघाचाही बाज राहतोच.

पाद्रीबाईंनी माझ्याबद्दल बोलू नये. विशेषतः 'आपल्या गावचे एक वल्ली' हे शब्द उच्चारू नयेत. ज्याचे ऐकायचे नसते त्याला या देशात वल्ली म्हणतात. दगडावर नाव आणि साल, बस्स.

कलम ३. पेरी कॉटेज हे घर माझे स्वतःचे आहे. वारसा म्हणून सरकारी यादीत त्याची नोंद आहे. त्यामुळे न्हाणीघराची कुजलेली खिडकी बदलायला मला परिषदेची दोन वर्षे मनधरणी करावी लागली. वारसा खात्याचा तरुण अधिकारी आला आणि चौकटीवरून बोट फिरवत म्हणाला, "मास्तर, ओकचंच लाकूड हवं. इथल्या परिसराचं एक व्यक्तिमत्त्व आहे." त्याच महिन्यात त्याच खात्याने पलीकडच्या माळावर प्लास्टिकच्या खिडक्यांची नव्वद घरे पास केली. मी विचारले, "त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचं काय?" तो प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, "ते टेबल वेगळं."

घर विकावे. त्यातून जे येईल ते आणि बँकेत असेल ते सगळे शेवटच्या कलमातल्या कामासाठी वकिलाला लागेल तसे द्यावे. उरले तर ग्रामसभेने चर्चच्या मनोऱ्याची गळती काढावी. मी चर्चचा नाही, वेगळ्या पंथाच्या चॅपलचा, पण त्या मनोऱ्यावरून अजून खोरे दिसते. ते दिसेनासे झाले की मग खुशाल गळू द्या.

कलम ४. किरकोळ वस्तू.

अंडी उकडताना वापरायचे वाळूचे घड्याळ नियोजन समितीच्या अध्यक्षांना. त्यांच्या समितीपुढे नागरिकाला तीन मिनिटे मिळतात. टेबलावर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. ज्या कुंपणाला वाढायला सातशे वर्षे लागली त्याच्यासाठी तीन मिनिटे. आणि बिल्डरचा माणूस नकाशे दाखवत बसला तेव्हा दिव्यात बिघाड झाला. अध्यक्षांनी रोज सकाळी हे घड्याळ उलटे करून तेवढ्या वेळात आपण कोणासाठी काय केले ते मोठ्याने म्हणावे. अंडे शिजायच्या आत यादी संपेल, वेळ उरेल.

माझा जाड भिंगांचा चष्मा त्या सल्लागारबाईंना, ज्यांनी बिल्डरच्या पैशाने आमच्या निसर्गदृश्याचा अहवाल केला. माळावर घरे झाल्यास चर्चकडून दिसणाऱ्या दृश्यात 'नगण्य बाधा' येईल असे त्यांनी लिहिले. तो फोटो त्यांनी धुक्यात काढला होता.

पुस्तके शाळेला. समासातल्या माझ्या शेऱ्यांसकट द्यावीत. शिव्या खोडू नयेत. त्या पुराव्यानिशी आहेत.

कोयते, करवती आणि कुंपण विणायचे कातडी हातमोजे डेन्झिल कॉक्स सुताराला द्यायचे होते. पण तो आज साक्षीला येतो आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी हे सगळे कालच त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "मास्तर, मग बागेच्या कुंपणाचं ते खिंडार तरी बुजवून देतो." मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

कलम ५. कर्णा.

जिन्याखाली पत्र्याचा एक कर्णा आहे, बॅटरीवर चालणारा, मुठीजवळ चेपलेला. तो मी लेटिस ऑर्म्सबी यांना देतो. या बाई गावच्या उत्सव समितीच्या अध्यक्ष आहेत, तीसेक वर्षे. कोणी त्यांना निवडल्याचे आठवत नाही, पण काढायची कोणाची छाती नाही. कर्णा मूळचा समितीचाच. भंगार-बाजारात तो विकायला निघाला तेव्हा मी घेतला, त्याने पुन्हा कोणाचे नुकसान करू नये म्हणून. त्याची हकीकत मृत्युपत्रात यायलाच हवी, कारण त्या कर्ण्यातून आमचे अख्खे कुरण गेले.

कुरणाचे नाव गँडर लीझ. कागदोपत्री ते सर ऑब्री स्टॅनवे यांचे. पण तिथे बदके गावाची, पतंग गावाचे, क्रिकेट गावाचे. उन्हाळ्यातली जत्रा तिथेच. मी मेरियलला पहिल्यांदा पाहिले तेही तिथेच. पोती पायांत घालून पळायच्या शर्यतीत ती पडली होती आणि उठायचे सोडून हसत होती. जानेवारीत सफरचंदाच्या झाडाला वासेल करायचे तेही कुरणातल्या म्हाताऱ्या झाडापाशी: बुंध्याला सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पाजायची, रॉबिन पाखरांसाठी फांद्यांवर भिजवलेला भाजका पाव खोचायचा, ताटे-पातेली बडवून झाडाला जागे करायचे आणि गायचे.

आमच्या कायद्यात एक शहाणी गोष्ट आहे. कायद्यात शहाणपण क्वचित सापडते, म्हणून सांगतो. एखाद्या जमिनीवर गाव सलग वीस वर्षे खेळले-बागडले, तर ती जमीन गावकुरण म्हणून नोंदवता येते. मग मालक कोणीही असो, तिथे वीट रचता येत नाही. अटी तीनच. दांडगाई करून शिरलेले नसावे, चोरून शिरलेले नसावे, आणि परवानगीने शिरलेले नसावे. हक्काच्या माणसासारखे उघड यावे-जावे. वहिवाट म्हणतात ती हीच.

सर ऑब्री माणूस वाईट नव्हते. तीच अडचण होती. वाईट असते तर गावाने त्यांच्या नाकावर टिच्चून वहिवाट केली असती. पण ते हॅट उचलून नमस्कार करीत, आणि लेटिसबाईंना आईने शिकवले होते की ज्याच्या अंगणात खेळतो त्याला 'थँक यू' म्हणावे. दर जत्रेला त्या स्टेजवर चढत, तो कर्णा तोंडाला लावत आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असे म्हणत: "सर ऑब्री यांच्या कृपापूर्वक परवानगीने!" टाळ्या पडत. सर ऑब्री मान तुकवत. मग त्यांना फळांचा केक आणि मुरंब्याची बरणी. कोणी परवानगी मागितली नव्हती, कोणी दिलीही नव्हती. नुसते सौजन्य.

सर ऑब्री वारले, मुलाने कुरण बिल्डरला विकले आणि गावाने नोंदणीसाठी अर्ज केला. सुनावणी ग्रामसभागृहात झाली. मी दोन तास बोललो. तिथे दिवे नव्हते. जुने नकाशे, चर्चच्या नोंदी, माझ्या आजोबांची आठवण, सगळे मांडले. लोक उभे राहिले, एकीने रुमाल काढला. मला वाटले, जिंकलो. वक्त्याला असे वाटणे हा त्याचा धंद्यातला आजार असतो.

मग बिल्डरचा वकील उठला. आवाज मऊ, नखे स्वच्छ. त्याने लेटिसबाईंना साक्षीला बोलावले.

"मिसेस ऑर्म्सबी, त्या केकची कृती मला माझ्या बायकोसाठी हवीय."

"अवश्य! मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या."

"दर वर्षी द्यायचात?"

"एकही वर्ष चुकवलं नाही."

"आणि कर्ण्यावरून आभारही मानायचात. कशाबद्दल हो?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी टोपी नीट करायला सांगतोय असे समजून हसल्या. मग ताठ बसून अभिमानाने म्हणाल्या:

"परवानगीबद्दल. आम्ही काही रानटी नाही."

वकील म्हणाला, "आभारी आहे." आणि बसला.

एवढ्याने संपले. जे कुरण दांडगाईने गेले नसते, ते शिष्टाचाराने गेले. हा गुन्हा एकट्या लेटिसबाईंचा नाही. या देशात माणसाच्या पायावर कोणी पाय दिला तर तोच 'सॉरी' म्हणतो, आणि मग ज्याने पाय दिला तो जमिनीचा सातबारा दाखवतो. सगळे गाव त्या टाळ्यांत होते. मीच तेवढा ओरडत होतो की केक देऊ नका, आणि मला सगळे म्हणत, "मास्तर, तुमचं आपलं काहीतरीच."

आता तिथे 'गँडर्स रेस्ट' नावाची वसाहत आहे. गल्ल्यांना नावे आहेत: चंडोल मार्ग, दवबिंदू वाट. जे जे मारले त्याची पाटी लावली. वासेलचे झाड होते तिथे वाहनांना वळायला गोल चौथरा आहे आणि त्यावर 'वारसा-फेरी, थांबा दुसरा' असा फलक. बिल्डरने तो स्वखर्चाने लावला. लेटिसबाईंनी त्याचेही आभार मानले.

कर्णा त्यांना देतो, पण एका अटीवर. ती शेवटच्या कलमात.

कलम ६. माझी पत्नी मेरियल हिचे भजनांचे पुस्तक आणि हिवाळी शाल कोणाला देऊ नये, दोन्ही माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावीत. गेल्यावर तिला काय सांगायचे ते मी ठरवले आहे. बाकीचे तिला माहीत होते.

कलम ७. पुतण्या क्रिस्पिन टँडी याला भिंतीवरचे हवामानाचे यंत्र. त्याचा काटा 'बदल' या शब्दावर अडकलेला आहे. त्याच्याच धंद्याचे यंत्र आहे, त्याला आवडेल. त्याच्याबद्दल माझ्या मनात द्वेष नाही. त्याने परवा फोनवर सांगितले, "काका, वसंतात आराखडा दाखल करतोय. तुमचा सल्ला घ्यावा म्हटलं." आपल्या कायद्यात कोणीही कोणाच्याही जमिनीवर आराखडा दाखल करू शकतो, मालक मरायची वाटही पाहावी लागत नाही. आणि आराखडा एकदा दाखल झाला की गावकुरण मागायचे दार बंद होते. हे त्याला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. मी म्हटले, "वसंत छानच. घाई करू नकोस."

कलम ८. खिंडार.

गँडर लीझ गेल्याच्या पुढच्या जानेवारीत, सतरा तारखेला, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळनंतरच्या बाराव्या रात्री, गावाला वासेल करायला झाड उरले नव्हते. अंधार पडता पडता ताटे-पातेली वाजू लागली. मी आणि मेरियल स्वयंपाकघरात होतो. बागेच्या उत्तरेच्या कुंपणाला वादळाने खिंडार पडले होते. त्यातून कंदील आत येऊ लागले. एक, मग रांग. कोणी विचारले नव्हते. लाजेने असेल, संतापाने असेल, पण त्या एका संध्याकाळी माझे गाव न विचारता आत शिरले.

मेरियल उठली. "सूप तापवते. पोरं गारठली असतील."

मी तिचा हात धरला. "नको. बोलावू नकोस. हाकलूही नकोस. दिवा लावू नकोस, पडदा सारू नकोस."

"अहो, असं कसं? दारात आलेल्याला?"

"दारात नाहीत ते. खिंडारात आहेत. त्यांना या म्हणालो तर ते पाहुणे झाले. जा म्हणालो तर चोर झाले. काहीच म्हणालो नाही तर वीस वर्षांनी मालक होतील."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "वीस वर्षं तुमच्याच्याने गप्प बसवेल?"

सगळ्या आयुष्यात मला इतका नेमका टोमणा कोणी मारला नाही.

मी गप्प बसलो. बाकी जगाशी बोलत राहिलो. परिषदेत, सुनावण्यांत, वर्तमानपत्रांत. बागेबद्दल एक शब्द नाही. कुंपण तिन्ही बाजूंनी मी दर हिवाळ्यात विणले, उत्तरेचे खिंडार तसेच ठेवले. लोक म्हणाले, मास्तर म्हातारा झाला, आळसावला. वासेल तर होतीच, पण हळूहळू पोरे बर्फात घसरगुंडीला येऊ लागली, कुत्री फिरू लागली, बाया काळ्या बोरांच्या टोपल्या भरू लागल्या, दोघातिघांनी झाडांखाली लग्ने ठरवली. मी खिडकीतून दिसत असे. हात हलवला नाही. कोणी हात हलवला तर पाठ फिरवली. गावात बोभाटा झाला की टँडी मास्तर माणूसघाणा आहे आणि त्याची बायको शिष्ट आहे, सगळे गाव अंगणात गाते आणि ती खिडकीत येत नाही. चॅपलमध्ये तिच्यासारखा आवाज कोणाचा नव्हता. त्या प्रत्येक संध्याकाळी ती टेबलापाशी बसून ओठ मिटून सूर धरायची, बाहेर ऐकू जाणार नाही इतका. ती गेली तेव्हा पेटीमागे मोजकीच माणसे होती. हा हिशेब मी गावाच्या नावे लिहून ठेवतो. वसूल करायचा नाही, पण खोडायचाही नाही.

आणि लेटिसबाई! त्यांना न विचारता आत येणे सोसवेना. दर वर्षी वासेलच्या आदल्या दिवशी त्या समोरच्या फाटकाशी येत, टोपी घालून, केक घेऊन.

"मास्तर, उद्या आम्ही आलो तर चालेल ना?"

"लेटिसबाई, तुमच्या कुत्र्याच्या कानात गोचीड आहे."

दुसऱ्या वर्षी:

"मास्तर, आपली हरकत तर नाही ना?"

"पोस्टाचे दर पुन्हा वाढले म्हणे."

एकदा त्या रडकुंडीला आल्या. "अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा! माणसासारखं उत्तर तरी द्या!"

मी म्हणालो, "केक परत न्या. मनुका कोरड्या दिसतात." आणि दार लावले. आत मेरियल म्हणाली, "आज तुम्ही फार क्रूर झालात." झालो. त्यांना खरे कारण सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्णा लावून माझे आभार मानले असते, आणि बाग गेली असती. परवा त्या पुन्हा आल्या होत्या. मी त्यांच्या टोपीची चौकशी केली.

म्हणून मी पुढील गोष्ट प्रतिज्ञेवर, साक्षीदारांसमोर सही करून सांगतो. १७ जानेवारी २००५ पासून काल सायंकाळपर्यंत मी बागेचा कब्जेदार होतो. या काळात नेदर कॉम्बलीच्या लोकांना बागेत यायची परवानगी मी तोंडाने, हाताने, पाटीने वा केक स्वीकारून कधीही दिली नाही. त्यांना मनाईही केली नाही. ते चोरून आले नाहीत. पातेली बडवत कोणी चोरी करत नाही. त्यांनी दांडगाई केली नाही. खिंडार वाऱ्याने पाडले. काल त्याला वीस वर्षे पूर्ण झाली. हे मी आजच लिहितो, कालपर्यंत लिहिले असते तर हा कागदच परवानगी ठरला असता.

मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी लेटिस ऑर्म्सबी यांना नेमतो. परवानगी मिळाली नाही याची त्यांच्याइतकी चांगली साक्षीदार परगण्यात नाही. वीस वर्षे त्यांनी मागितली आणि एकदाही मिळाली नाही. आज सह्या झाल्या की याची एक प्रत हॅना आपल्या टपालाच्या फेरीत त्यांच्या दारात टाकेल. लेटिसबाई, वाचून होताच टोपी घालून काउंटीच्या नोंदणी कचेरीत जायचे. माझ्या मरणाची वाट पाहायची नाही, वसंताची तर नाहीच. क्रिस्पिनच्या आधी तुमचा अर्ज पोचला पाहिजे. सोबत केक न्यायचा नाही. माझ्याकडे यायचे नाही. आलातच तर मी तुमच्या कुत्र्याबद्दल बोलेन.

तिथे पुन्हा एखादा मऊ आवाजाचा वकील विचारेल, "मिसेस ऑर्म्सबी, टँडी यांनी तुम्हाला येऊ दिले ना?" तेव्हा जे खरे आहे ते सांगायचे: की तो माणूस उर्मट होता, दर वर्षी तोंडावर दार लावायचा. या वेळी तुम्हाला खोटे बोलावे लागणार नाही आणि सभ्यही राहावे लागणार नाही. तुमच्या हातून गँडर लीझ गेले. ही बागही तुमच्याच हाताने यावी, म्हणून तुम्हालाच नेमले. क्षमा वगैरे समजू नये. हा न्याय आहे.

कर्ण्याची अट अशी. बाग गावाच्या नावे नोंदली गेली, तर पुढच्या वासेलला लेटिसबाईंनी तो घेऊन झाडाखाली उभे राहावे आणि मन मानेल ते बोलावे. कोणाचेही आभार मानू नयेत. माझे तर नाहीच. परवानगी हा शब्द उच्चारू नये. बोलायला काही उरत नसेल तर गावे. मेरियलला वरचा सूर आवडायचा.

नोंद झाली तरी उत्तरेचे खिंडार बुजवू नये. तिथे फाटक बसवू नये. स्वागताची पाटी लावू नये, मनाईचीही लावू नये. फाटक असले की माणूस थांबतो आणि टोपीला हात लावतो.

अर्ज फसला, तर क्रिस्पिनने रस्त्याला माझे नाव देऊ नये.

मी जन्मभर बोललो आणि हरलो. जे बोललो नाही तेवढेच ठेवून जातो.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली नमूद केलेल्या दोघांच्या समोर, दोघे एकाच वेळी हजर असताना, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही करतो. त्यांनी मजकूर वाचलेला नाही. हॅनाने फक्त विचारले, "मास्तर, एवढं लांबलचक? तुमच्याकडे आहे तरी काय?" आणि डेन्झिल म्हणाला, "तोंड आहे की."

सही: एनोक विल्यम टँडी

साक्षीदार पहिली: हॅना प्रॉबर्ट, टपाल वाटणारी, राहणार लॅडबरो. कॉम्बलीत तिला घर परवडत नाही.

साक्षीदार दुसरा: डेन्झिल कॉक्स, सुतार, राहणार नेदर कॉम्बली. माझी पेटी हाच करणार आहे. माप घेऊन गेला.

स्थळ: पेरी कॉटेज, नेदर कॉम्बली.

दिनांक: १८ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळ. रात्री कडक दहिवर पडले. खिंडारापासून बागेतल्या म्हाताऱ्या झाडापर्यंत गवतावर पावलांची रुंद वाट उमटली आहे, येण्याची आणि जाण्याची. हे दोन्ही साक्षीदारांना मी खिडकीतून दाखवले. त्यांत माझे एकही पाऊल नाही.